मोटारीचे मेण आणि हिवाळ्यातील रंगसंरक्षण

मोटारीचे मेण हे मोटारीच्या रंगवलेल्या पृष्ठभागावर चोळून किंवा फवारून बसवले जाणारे पातळ, जलविरोधी लेपन आहे. बोलीभाषेत त्याला वॅक्स किंवा वॅक्स पॉलिश असे म्हणतात. वनस्पतिजन्य व खनिज मेणे, सिलिकोन आणि कृत्रिम बहुवारिके यांपासून ते तयार केले जाते. चकाकी वाढवणे हा त्याचा मूळ उपयोग होय. परंतु उत्तर युरोप, कॅनडा आणि अमेरिकेचा उत्तर भाग अशा बर्फाळ प्रदेशांत हिवाळ्यापूर्वी मोटारीला मेण लावण्याची प्रथा प्रामुख्याने संरक्षणाच्या हेतूने पाळली जाते. रस्त्यावरील मीठ, वाळू, डांबराचा राप आणि वितळत्या बर्फाचा चिखल यांपासून रंगाचा बचाव व्हावा, ही तिच्यामागील अपेक्षा असते.

ही अपेक्षा अंशतःच पूर्ण होते. अखंड रंगावर घाण घट्ट बसू न देणे आणि ती कमी घर्षणात धुऊन निघेल अशी व्यवस्था करणे, हे मेणाचे खरे काम आहे. उडालेल्या खड्यामुळे पडणारा टवका ते रोखू शकत नाही. हिवाळी प्रदेशांत मोटारीचे आयुष्य ठरवणारा गंज तर बहुतेक वेळा गाडीच्या तळाशी व सांगाड्याच्या पोकळ भागांत सुरू होतो; तेथे रंगावरचे मेण पोहोचतच नाही.

रंगाचे थर आणि मेणाची जाडी

आधुनिक मोटारीचा रंग एकसंध नसतो. जस्तलेपित पत्र्यावर फॉस्फेटची रासायनिक प्रक्रिया करतात. त्यावर विद्युत्‌प्रवाहाच्या साहाय्याने सुमारे २० मायक्रोमीटर जाडीचा गंजरोधक प्रायमर बसवला जातो. नंतर पृष्ठभाग समतल करणारा दुसरा प्रायमर, मग रंगछटा देणारा बेसकोट आणि सर्वांत वर ४० मायक्रोमीटरच्या आसपास जाडीचा पारदर्शक क्लिअरकोट येतो. हे सर्व थर मिळून जाडी साधारणतः १०० ते १५० मायक्रोमीटर, म्हणजे माणसाच्या दीड-दोन केसांइतकी भरते.

मेण चोळून, वाळवून आणि पुसून काढल्यावर पृष्ठभागावर उरणारा थर एक मायक्रोमीटरपेक्षाही पातळ असतो. एकावर एक अनेक हात दिल्याने तो त्या प्रमाणात जाड होत नाही. नव्या हातातील द्रावक जुना थर काहीसा मऊ करतो आणि जादा मेण कापडाबरोबर निघून जाते. दुसऱ्या हाताचा उपयोग मुख्यतः पहिल्या वेळी सुटलेल्या जागा भरून काढण्यापुरता असतो. मेणाच्या कामगिरीविषयीच्या कोणत्याही दाव्याचा विचार करताना ही जाडी ध्यानात ठेवणे आवश्यक ठरते.

मेणाचे प्रकार

नैसर्गिक मेणांमध्ये कार्नौबा सर्वांत प्रसिद्ध आहे. ते ईशान्य ब्राझीलमधील सेआरा, पियाउई व रिओ ग्रांदे दो नॉर्ते या राज्यांत वाढणाऱ्या कोपर्निसिया प्रुनिफेरा या ताडकुलातील झाडाच्या पानांवरून मिळते. पाने तोडून उन्हात वाळवतात व झोडपून त्यांवरील मेणाची भुकटी वेगळी करतात. कोरड्या ऋतूत पानांतील पाणी उडून जाऊ नये म्हणून झाडाने धारण केलेले हे आवरण आहे. अवर्षणाशी झगडणाऱ्या झाडाचे मेण हिमवर्षावात उपयोगी पडावे, हा योगायोग मौजेचा आहे. कार्नौबाचा वितळणबिंदू ८२ ते ८६ अंश सेल्सिअस, तर मधमाश्यांच्या मेणाचा ६२ ते ६४ अंश असतो. शुद्ध कार्नौबा इतके कठीण व ठिसूळ असते, की ते हाताने पसरवता येत नाही. त्यामुळे डबीत मिळणाऱ्या मेणात द्रावके, तेले आणि मऊ मेणे मिसळलेली असतात. वेष्टनावरील ‘शंभर टक्के कार्नौबा’ हे शब्द मिश्रणात वापरलेल्या कार्नौबाविषयी असतात, संपूर्ण मिश्रणाविषयी नव्हे.

कृत्रिम लेपनांना बाजारात सीलंट म्हणतात. त्यांतील अमिनो गट असलेली सिलिकोन बहुवारिके क्लिअरकोटला अधिक घट्ट धरून राहतात आणि क्षारधर्मी साबणापुढे नैसर्गिक मेणापेक्षा जास्त तग धरतात. सिरॅमिक कोटिंग या नावाने विकली जाणारी सिलिका किंवा सिलाझेनवर आधारित लेपने वाळून कठीण होतात व पुढे केवळ घासूनच निघतात; ती मेणाच्या व्याख्येत बसत नाहीत. स्वयंचलित धुलाई केंद्रात शेवटी फवारले जाणारे ‘हॉट वॅक्स’ हे धनभारित कणांचे पायस असते. पाण्याचा थर तोडून गाडी लवकर वाळवणे हा त्याचा मुख्य हेतू असून त्याचा परिणाम काही दिवसांपासून दोन-तीन आठवड्यांपर्यंतच राहतो.

इतिहास

मेणाच्या ख्यातीचे मूळ जुन्या रंगांत आहे. आरंभीच्या मोटारी घोडागाडीप्रमाणे तेलरंगाने व वार्निशाने रंगवल्या जात आणि ते काम वाळण्यास आठवडे लागत. सायमोनाइझ या नावाने ओळखले जाणारे मेण १९१० च्या सुमारास बाजारात आले. १९२३ मध्ये जनरल मोटर्सच्या ओकलंड मोटारींवर ड्यूपाँटचा ड्यूको हा नायट्रोसेल्युलोज रंग प्रथम वापरण्यात आला. तो झटपट वाळे. परंतु उन्हापावसात त्याची झळाळी जाऊन पृष्ठभाग खडूसारखा भुरकट होई. अशा रंगाला वारंवार पॉलिश व मेण लावणे ही चैनीची नव्हे, तर गरजेची बाब होती. १९४० च्या दशकात शिकागो येथे बेन हर्श यांच्या व्यवसायातून उभे राहिलेले टर्टल वॅक्स याच काळातले.

१९८० च्या दशकात क्लिअरकोटचा प्रसार झाला व परिस्थिती पालटली. ऑक्सिडीभवन आणि अतिनील किरण यांपासून बचाव करण्याचे काम क्लिअरकोटमधील जालबद्ध बहुवारिक आणि त्यात मिसळलेली किरणशोषके करू लागली. मेणाची जाहिरात मात्र जुन्याच शब्दांत चालू राहिली. मेण न लावल्यास हिवाळ्यात रंग ‘खाल्ला जातो’ हा समज त्या काळाचा वारसा मानता येतो.

हिवाळी रस्त्यांवर मिठाचा व्यापक वापर हीदेखील त्या मानाने अलीकडची घटना आहे. अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्याने १९३८ मध्ये रस्त्यांवर प्रायोगिक तत्त्वावर मीठ टाकले. दुसऱ्या महायुद्धानंतर रस्ते सदैव कोरडे व मोकळे ठेवण्याचे धोरण रूढ झाले आणि वापर झपाट्याने वाढला. आज एकट्या अमेरिकेत वर्षाला सुमारे दोन कोटी टन मीठ रस्त्यांवर पडते.

हिवाळ्यात रंगावर होणारे आघात

मीठ पाण्याचा गोठणबिंदू खाली आणते. वजनाने सुमारे २३ टक्के मीठ असलेले द्रावण उणे २१ अंश सेल्सिअसपर्यंत गोठत नाही. प्रत्यक्ष रस्त्यावर मात्र उणे ९-१० अंशांच्या खाली साध्या मिठाचा प्रभाव मंदावतो. अधिक थंडीत कॅल्शियम क्लोराइड किंवा मॅग्नेशियम क्लोराइड वापरतात. हे क्षार हवेतील ओलावा ओढून घेतात. साधे मीठ हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या खाली गेल्यावर वाळून कोरडे होते. हे दोन क्षार मात्र सुमारे ३३ टक्के आर्द्रतेतही ओलेच राहतात. परिणामी गाडी उभी असताना, दिसायला कोरडी असतानाही, तिच्या सांध्यांत खारट द्रावाचा पापुद्रा टिकून असतो.

अखंड क्लिअरकोटला मिठाचे हे पाणी फारसे बाधत नाही. पाण्याची वाफ त्यातून हळूहळू जाऊ शकते, परंतु क्लोराइडच्या आयनांना तो चांगला अडथळा ठरतो. ज्या रंगाच्या खाली पत्रा कोठेही उघडा पडलेला नाही, त्या रंगावर वाळलेले मीठ कुरूप दिसते, एवढेच. खरे नुकसान दोन प्रकारे होते. पहिला प्रकार टवक्यांचा. पुढील वाहनाच्या चाकांतून उडालेले खडे बॉनेटची पुढची कड, बंपर, चाकांवरील कमानी आणि दरवाजांचा खालचा भाग यांवर आदळतात. थंडीत क्लिअरकोट अधिक ठिसूळ झालेला असतो, म्हणून तोच खडा उन्हाळ्यापेक्षा मोठा टवका उडवतो. दुसरा प्रकार ओरखड्यांचा. रस्त्यावरील वाळू व मिठाचे कण चिकटलेले असताना कोरड्या कापडाने पुसणे, ताठ ब्रशने बर्फ झाडणे किंवा पुरेशा पूर्वधुलाईविना ब्रशच्या यंत्रात गाडी घालणे, यांमुळे सूक्ष्म रेषांचे जाळे उमटते.

स्वीडन, नॉर्वे व फिनलंड या देशांत आणखी एक गोष्ट भर घालते. तेथे हिवाळ्यात खिळे बसवलेले टायर वापरण्यास परवानगी आहे. खिळ्यांनी खरवडलेले डांबर पाण्याबरोबर उडून गाडीवर तपकिरी, तेलकट राप चढवते. तो साध्या शाम्पूने निघत नाही. म्हणून नॉर्डिक देशांतील हिवाळी धुलाईत प्रथम पेट्रोलियम द्रावकाचा किंवा क्षारधर्मी पायसाचा फवारा मारून डांबर विरघळवण्याची रीत आहे. मेणाच्या टिकाऊपणाची खरी परीक्षा बर्फात नव्हे, तर या फवाऱ्याखाली होते.

मेण नेमके काय साधते

गुळगुळीत मेणावर पाण्याच्या थेंबाचा स्पर्शकोन १०५ ते ११० अंशांच्या आसपास असतो. क्लिअरकोटवर तो बराच कमी भरतो. पृष्ठभागाची ऊर्जा कमी झाल्याने पाणी पसरण्याऐवजी थेंबांत गोळा होते व घरंगळते. त्याचबरोबर धूळ, डांबर आणि वाळलेल्या मिठाची पकडही सैल होते. नळीच्या नुसत्या धारेने निघणारी घाण वाढते व हाताने घासावी लागणारी घटते. धुलाईमुळे पडणारे ओरखडे हे रंगाच्या हिवाळी हानीचे मोठे कारण असल्यामुळे, मेणाचे संरक्षण रासायनिक कमी आणि यांत्रिक अधिक आहे, असे म्हणणे योग्य ठरते. मेणामुळे पृष्ठभागाचे घर्षणही कमी होते. कापड किंवा ब्रश अडखळण्याऐवजी सरकतो.

बर्फाच्या बाबतीत मात्र परिणाम माफक असतो. साठलेला हिमाचा थर मेण लावलेल्या छतावरून थोडा सहज सरकतो. परंतु थेंबांच्या रूपात राहिलेले पाणी त्याच जागी थेंबांच्या रूपातच गोठते, आणि रात्रीचे दहिवर मेण लावलेल्या व न लावलेल्या रंगावर सारखेच धरते. रंगाचे मेण पुढच्या काचेवर लागल्यास वायपरखाली त्याचा धूसर पट्टा उमटतो व समोरच्या दिव्यांची तिरीप डोळ्यांवर येते, म्हणून ते काचेवर येऊ न देण्याची काळजी घेतली जाते.

खड्याच्या आघातापुढे एक मायक्रोमीटरहून पातळ थराचा काहीही उपाय चालत नाही. या कामासाठी सुमारे १५० ते २०० मायक्रोमीटर जाडीची, म्हणजे मूळ रंगाहूनही जाड, पारदर्शक पॉलियुरेथेन फिल्म पुढील भागांवर चिकटवतात. आधीच पडलेल्या टवक्यावर मेण चोळल्यास पाण्याला काही काळ थोडा अडसर होतो. पण तेथे टिकाऊ उपाय प्रायमर व रंगाचा ठिपका देण्याचाच आहे. हिवाळ्यापूर्वी असे ठिपके भरून घेणे हे मेणाच्या एका जादा हातापेक्षा अधिक मोलाचे असते.

टिकाऊपणा आणि त्याची परीक्षा

उत्पादकांचे दावे बहुधा सौम्य परिस्थितीतील असतात. रोज वापरात असलेल्या व नियमित धुतल्या जाणाऱ्या गाडीवर कार्नौबाचे मेण हिवाळ्यात काही आठवडे, फार तर दोन-तीन महिने टिकते. चांगले कृत्रिम सीलंट बहुधा एक हिवाळा काढते. मात्र हे आकडे महिन्यांत सांगणे मुळातच काहीसे फसवे आहे. तीव्र पूर्वधुलाईच्या रसायनांचा सामू ११ ते १३ इतका असू शकतो, आणि अशा चार धुलाया जे करतात ते गाडी चार महिने उभी ठेवूनही होत नाही. मिठाच्या पाण्यात मेण विरघळत नाही. मेण जाते ते साबणाने, द्रावकाने आणि घर्षणाने. म्हणून मेण कधी लावले यापेक्षा त्यानंतर गाडी कशाने धुतली याची नोंद ठेवणे अधिक उपयोगी ठरते. त्याच गाडीवरही ते समान झिजत नाही: छतावर ते असते, तेव्हा चाकांमागील पट्ट्यावरून ते केव्हाच गेलेले असते.

पाण्याचे थेंब गोळा होणे ही मेण शाबूत असल्याची सर्वमान्य खूण आहे. ती पूर्ण विश्वासार्ह नाही. शाम्पूतील किंवा धुलाई केंद्रातील फवाऱ्यातील अवशेषही थेंब तयार करतात. उलट, डांबराच्या रापाखाली मेण शिल्लक असूनही पाणी पसरट वाहते व राप काढताच थेंब परत दिसू लागतात. शिवाय थेंब चांगले पडतात याचा अर्थ घाण कमी चिकटते असा नेहमीच होत नाही. वाळलेला प्रत्येक थेंब आपल्या जागी क्षारांचा डाग ठेवून जातो.

प्रयोगशाळेतील प्रमाणित चाचण्याही या प्रश्नाला थेट उत्तर देत नाहीत. आयएसओ ९२२७ या मानकानुसार होणाऱ्या मीठफवारा चाचणीत ३५ अंश सेल्सिअस तापमानात पाच टक्के मिठाच्या द्रावणाचे धुके नमुन्यावर सोडतात. तिच्यात रंग व धातूवरील मुलामा यांची परीक्षा होते, आणि त्यासाठी रंगावर मुद्दाम चीर पाडलेली असते. धुलाईच्या ओरखड्यांसाठी आयएसओ २०५६६ हे मानक असून त्यात प्रयोगशाळेतील छोट्या धुलाईयंत्राखाली पट्टी ठेवून तिची चकाकी आधी व नंतर मोजतात. ‘मीठफवारा चाचणी उत्तीर्ण’ अशी ओळ मेणाच्या डबीवर आढळल्यास ती चाचणी उघड्या पोलादावर झाली की रंगावर, हे पाहावे लागते.

गंज आणि मेणाच्या मर्यादा

गंजासाठी पोलाद, प्राणवायू आणि विद्युतवाहक द्राव यांची आवश्यकता असते. कडाक्याच्या थंडीत ही अभिक्रिया मंदावते; शून्य अंशाच्या आसपासच्या ओल्या हवेत ती जोर धरते. खारट चिखलाने माखलेली गाडी रात्री ऊबदार गॅरेजमध्ये उभी करणे तिला बाहेरच्या गोठलेल्या अंगणात ठेवण्यापेक्षा जास्त हानिकारक ठरते, हे अनेकांना विपरीत वाटते. पण त्याचे कारण एवढेच आहे. दरवाजांखालच्या पोकळ पट्ट्या, चाकांवरील कमानींची आतली घडी, पत्र्यांचे दुमडलेले सांधे, निलंबनाच्या जोडण्या आणि ब्रेकच्या द्रवाच्या पोलादी नळ्या येथे खारा चिखल साठतो. वरचा रंग आरशासारखा असताना हे भाग पोखरले जाऊ शकतात.

हा प्रश्न केवळ सौंदर्याचा नाही. ब्रिटनमधील वार्षिक एमओटी तपासणीत निलंबन, सुकाणू, आसनपट्टे यांच्या जोडणीपासून ३० सेंटीमीटरच्या आत सांगाडा गंजून कमकुवत झालेला आढळल्यास गाडी अनुत्तीर्ण ठरते. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने २०१५ मध्ये जुन्या पिकअप ट्रकांच्या गंजलेल्या ब्रेकनळ्यांविषयीची दीर्घ चौकशी संपवताना मीठ वापरणाऱ्या राज्यांतील वाहनधारकांना गाडीचा तळ हिवाळाभर धुण्याचा आणि ब्रेकनळ्या तपासून घेण्याचा सल्ला दिला. मेण लावण्यास लागणाऱ्या दोन तासांतील निम्मा वेळ जरी गाडीच्या खाली दिला, तरी तो अधिक सत्कारणी लागतो.

गाडीचे गंजापासून मुख्य संरक्षण कारखान्यातच होते. पोर्शे ९११ चा सांगाडा १९७० च्या दशकाच्या मध्यापासून आणि ऑडी १०० चा १९८५ पासून जस्तलेपित पोलादाचा झाला. पुढे ही पद्धत सर्वत्र पसरली. जस्त स्वतः झिजून पोलादाला वाचवते, त्यामुळे टवक्याच्या जागीही गंज लवकर धरत नाही.

मेण या शब्दाचा दुसरा, हिवाळ्याच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा अर्थ येथेच येतो. पोकळ भागांसाठीचे मेण चकाकीच्या मेणापेक्षा वेगळे असते. त्यात मेण, तेल व गंजरोधक द्रव्ये असतात आणि ते लांब नळीने निथळछिद्रांतून आत फवारले जाते. त्याचा थर चकाकीच्या मेणाहून कितीतरी पट जाड व दीर्घकाळ मऊ राहणारा असून तो पत्र्यांच्या सांध्यांत झिरपतो. काही युरोपीय कारखान्यांत सांगाड्याच्या पोकळ्या गरम मेणाने भरून निथळवण्याची पद्धतही वापरली गेली. तळाला लोकरीतील स्निग्धांशावर आधारित लेप देतात. जुन्या पद्धतीचा डांबरी लेप वाळून तडकतो आणि तडीतून शिरलेले खारे पाणी आत कोंडून धरतो. अशा वेळी लेपनच गंजाचे घर बनते.

लावण्याचा काळ व पद्धत

बर्फाळ प्रदेशांत हे काम बहुधा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये उरकतात. दहा अंश सेल्सिअसच्या खाली द्रावक नीट उडत नाही, थंड पत्र्यावर दव धरते व सीलंट पूर्ण पक्के होत नाही. आधी धुलाई, मग डांबर व लोहकण काढणारी द्रव्ये, आवश्यक तेथे क्ले बार म्हणून ओळखली जाणारी मऊ वडी फिरवणे, आणि त्यानंतर पातळ हात, असा क्रम असतो. हिवाळ्यात शून्याच्या वर पारा गेलेला दिवस साधून धुलाई केली जाते. दारांची रबरे व कुलपे पुसून कोरडी करतात, अन्यथा ती गोठून बसतात. रस्त्यावर गाडी धुण्यास जर्मनीतील अनेक नगरपालिकांची मनाई आहे व स्वीडनमध्येही सांडपाण्यावर प्रक्रिया करणाऱ्या केंद्रांतच गाडी धुण्याचा आग्रह धरला जातो, कारण धुलाईतील तेल व जड धातू पावसाळी गटारातून थेट जलाशयात जातात.

भारतातील संदर्भ

महाराष्ट्र व गोव्यात हिवाळी मिठाचा प्रश्न उद्भवत नाही. तुलना करायचीच झाली तर ती कोकणपट्टीतील खारे वारे आणि पावसाळी चिखल यांच्याशी करता येईल. तेथेही क्लोराइड आणि ओलावा हीच जोडी काम करते व गंज तळापासूनच चढतो. शोरूममध्ये ‘टेफ्लॉन कोटिंग’ या नावाने दिले जाणारे लेपन प्रत्यक्षात बहुधा बहुवारिक किंवा सिलिकोन सीलंट असते. टेफ्लॉनचा वितळणबिंदू ३२७ अंश सेल्सिअस असून तव्यावर ते त्याहून अधिक तापमानात भाजून बसवतात. तेवढ्या उष्णतेत गाडीचा रंग जळून जाईल. त्याच यादीतील तळाचे गंजरोधक लेपन किनाऱ्यावरील गाडीला अधिक उपयोगी असते, मात्र फवारणी करताना दरवाजांची व पोकळ पट्ट्यांची निथळछिद्रे बुजलेली नसावीत.